चाल तीच, गाव वेगळे : 'सैराट'ची गाणी 'धडक'मध्ये का परकी वाटली?

विशेष प्रतिनिधी, नगर

लग्नसराईत नगर शहरातील एखाद्या रस्त्यावर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर एक तरी वरात 'झिंगाट'वर रेंगाळलेली दिसते. बँजो असो वा डीजे, हे गाणे सुरू झाले की वऱ्हाडातली पोक्त माणसेही दोन पावले टाकतात. वाजते ते मात्र मराठी 'झिंगाट'. धर्मा प्रॉडक्शन्सने देशभर पोहोचविलेले हिंदी 'झिंगाट' येथल्या वरातीत अभावानेच ऐकू येते. संगीतकार तेच, गायक तेच, चाल तीच. तरीही एक गाणे घरचे वाटते आणि दुसरे पाहुणे. असे का व्हावे, हा प्रश्न आवडीनिवडीवर सोडून देण्याजोगा नाही.

२०२५ मध्ये हा विषय पुन्हा निघाला. मार्चमध्ये 'सैराट' चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला आणि ऑगस्टमध्ये 'धडक २' आला. 'धडक २' हा 'सैराट'चा नव्हे, तर मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) या तमिळ चित्रपटाचा हिंदी अवतार. पण नावामुळे पहिल्या 'धडक'ची आठवण निघाली आणि तिच्यासोबत २०१८ मध्ये रंगलेला जुना वादही. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला होता. शशांक खेतान दिग्दर्शित 'धडक' हा त्याचा हिंदी रिमेक २० जुलै २०१८ रोजी आला. कथा, कलाकार, शेवट या सर्वांची तुलना झाली. पण सर्वाधिक कडवटपणे बोलले गेले ते गाण्यांविषयी.

नगरकरांना या वादात लक्ष घालण्याचे विशेष कारण आहे. मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. करमाळा सोलापूर जिल्ह्यात असला, तरी त्याची शीव आपल्या कर्जत आणि जामखेड तालुक्यांना भिडलेली. संज्ञापनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात घेतले आणि याच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्याला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री'तील (२०१४) गावाचे नाव अकोळनेर, तेही नगरजवळचे. 'सैराट'मधील पात्रे ज्या हेलात बोलतात, तो कर्जत-जामखेडच्या बाजारात रोज कानावर पडणारा हेल आहे. म्हणूनच त्यातील गाणी हिंदीत गेली तेव्हा येथील प्रेक्षकाला काहीतरी आपल्याकडून उचलून नेल्यासारखे वाटले.

दोन बाजू आणि दोन्हींतील तथ्य

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे : 'सैराट'च्या संगीताचा जीव त्याच्या बोलीत होता. 'वेड' न म्हणता 'याड' म्हणणारा मुलगा, 'बया' हा शब्द सहज उच्चारणारी मुलगी, ही त्या गाण्यांची खरी ओळख. हिंदीत ते शब्द गेले आणि त्यांच्या जागी हिंदी चित्रपटांत वर्षानुवर्षे फिरणारे प्रेमाचे शब्द आले. 'झिंगाट' हा शब्द तेवढा राहिला, कारण त्याला हिंदीत पर्याय नव्हता आणि तोपर्यंत ते एक विकले जाणारे नाव झाले होते. या मंडळींच्या मते हिंदीने गाण्याचे कातडे नेले, हाडमांस येथेच राहिले.

दुसरी बाजू तितकीच ठाम होती. अजय-अतुल गोगावले हे स्वतःच मूळ संगीतकार. आपली चाल दुसऱ्या भाषेत नेण्याचा अधिकार त्यांना नसेल तर कोणाला? 'सैराट'ची बहुतांश गीतेही त्यांचीच. त्यांनी परक्याचे काही घेतले नाही. उलट मराठी मातीतील चाल कोलकाता, दिल्ली, पाटण्यापर्यंत गेली, याचा अभिमान वाटायला हवा. व्यवहाराचा मुद्दाही होताच. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनातील वाटा कायद्याने मिळतो. मराठी कलावंताला हिंदीतून चार पैसे अधिक मिळत असतील, तर त्यावर नाक मुरडणे हा पोटभरल्यांचा शौक आहे, असेही काहींनी सुनावले.

त्या काळाची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावी लागेल. २०१७-१८ मध्ये हिंदी चित्रपटसृष्टीत जुनी गाणी नव्या ठेक्यावर पुन्हा वाजविण्याची लाटच आली होती. खेतान यांच्या आधीच्या 'बद्रीनाथ की दुल्हनिया'मध्येही (२०१७) 'तम्मा तम्मा' नव्याने आले होते. श्रोते या प्रकाराला कंटाळू लागले होते. 'धडक'च्या वाट्याला त्या कंटाळ्याचाही काही भाग आला, हे मान्य करायला हवे.

अस्सलपणाचा युक्तिवाद अपुरा

आक्षेपकांच्या बोलण्यात 'अस्सल गावरान संगीत' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. तो तपासून पाहिला तर टिकत नाही. 'सैराट'च्या गाण्यांतील सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत हॉलिवूडमधील सोनीच्या स्टुडिओत झाले. एका भारतीय चित्रपटासाठी तेथे असे ध्वनिमुद्रण होण्याची ती पहिलीच वेळ म्हणून त्याची प्रसिद्धीही झाली होती. 'याड लागलं'मध्ये व्हायोलिनांचा जो मोठा ओघ उसळतो, तो करमाळ्याच्या जत्रेतला नाही. पाश्चात्त्य वाद्यमेळ आणि भीमाकाठची बोली यांची ती जोडणी होती. ती धाडसी होती आणि जमली. पण तिला निव्वळ लोकसंगीत म्हणता येणार नाही.

मूळ संगीतच जर असे संकरित असेल, तर 'धडक'मध्ये नेमके काय बिघडले? 'धडक'मध्येही 'सैराट'प्रमाणे चारच गाणी. त्यांतील दोन 'सैराट'वरून आलेली : 'झिंगाट' त्याच नावाने आणि 'याड लागलं'ची चाल 'पहली बार' या नावाने. शीर्षकगीत आणि 'वारा रे' ही दोन नवी. गीतकार अमिताभ भट्टाचार्य हे हिंदीतील आघाडीचे नाव. 'पहली बार' अजय गोगावले यांनीच गायले आहे. चाल, वाद्यांचा डौल, आवाज यांपैकी काहीही हलक्या दर्जाचे नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्या आणि मराठी न कळणाऱ्या श्रोत्याला दोन्ही गाण्यांत फार फरक जाणवू नये, इतके साम्य आहे. म्हणजे दोष संगीताच्या दर्जात शोधण्यात अर्थ नाही.

याआधीही गाणी हिंदीत गेली

मराठी गाणे हिंदीत जाण्यात नवे काही नाही. प्रभात कंपनीने 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) असे जोडचित्रपट काढले. एकाच कंपनीत, एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली दोन्ही भाषांत काम होत असे आणि भाषा बदलली तरी माणसांची जडणघडण तीच राही. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' १९७२ मध्ये मराठीत आणि पाठोपाठ हिंदीत आला. राम कदम यांच्या लावण्या मराठीत घराघरांत पोचल्या. हिंदी 'पिंजरा'तील गाणी आज कोणी आठवतही नाही. लावणीची चाल हिंदीत गेली, पण ती ऐकणारा फड आणि त्यापुढे बसणारा रसिक सोबत गेला नाही.

जवळचे उदाहरण खुद्द अजय-अतुल यांचेच आहे. केदार शिंदे यांच्या 'जत्रा'मधील (२००६) 'कोंबडी पळाली' त्यांनी 'अग्निपथ'साठी (२०१२) 'चिकनी चमेली' म्हणून पुन्हा बांधले. 'अग्निपथ' हाही रिमेक, तोही धर्माचाच आणि गीतकारही भट्टाचार्यच. तेव्हा महाराष्ट्रात फारशी नाराजी उमटली नाही. उलट आपल्या गाण्यावर साऱ्या देशाने ठेका धरला याचे कौतुक झाले. 'सैराट'च्या 'मनसु मल्लिगे' (२०१७) या कन्नड रिमेकमध्ये रिंकू राजगुरू हीच नायिका होती आणि संगीतही अजय-अतुल यांचे. त्याविषयीही मराठीत खळखळ झाली नाही.

मग 'धडक'वरच राग का? 'कोंबडी पळाली' हे धमाल गाणे होते. ते कथेतून उचलून दुसरीकडे ठेवले तर कथेचे काही अडत नव्हते. 'सैराट'मध्ये गाणे कथेचाच कणा होते. येथे खरा फरक पडतो.

स्वप्न पूर्वार्धात, शांतता शेवटी

'सैराट'ची चारही गाणी पूर्वार्धात आहेत. पूर्वार्ध हे एका अर्थाने स्वप्नरंजन आहे. मासे धरून पोट भरणाऱ्या घरातला परशा गावच्या पाटलाच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि त्याला सारे शिवार सोनेरी दिसू लागते. हिंदी चित्रपटांनी आजवर श्रीमंत नायकासाठी राखून ठेवलेला मोठा वाद्यवृंद मंजुळे आणि अजय-अतुल यांनी या मुलाच्या पाठीशी उभा केला. परीकथेतील राजपुत्राच्या मागे वाजावे तसे संगीत उसाच्या फडातून, विहिरीच्या काठावरून, होडीतून जाणाऱ्या एका गरीब मुलासाठी वाजते. त्याने स्वप्न पाहायचे नाही, असे ज्या समाजाने ठरविले आहे, त्याच समाजाच्या बोलीत तो स्वप्न पाहतो. सिम्फनी आणि 'याड' हा शब्द एकत्र येण्यात ही सगळी बंडखोरी आहे.

'झिंगाट' येते ते नायिकेच्या भावाच्या वाढदिवसाला, पाटलाच्या दारात. गावातली सगळी पोरे, जात-पात विसरून, एका अंगणात नाचतात. गाणे संपते आणि काही वेळातच परशा आणि आर्ची पकडले जातात. नाचू देणारे अंगण लग्न लावू देणारे नसते, हे त्या प्रसंगाने प्रेक्षकाला दाखविले. उत्तरार्धात गाणे नाही. हैदराबादच्या झोपडपट्टीत स्वयंपाक, भांडण, संशय, पैशाची ओढाताण असते. आणि शेवटच्या प्रसंगात तर आवाजच उरत नाही. लहान मूल घराबाहेर पडते तेव्हा चित्रपटगृहात पसरणारी शांतता ज्यांनी अनुभवली, त्यांना पूर्वार्धातील वाद्यवृंदाचा हेतू तेव्हा कळला. इतके मोठे संगीत आधी वाजले नसते, तर ती शांतता इतकी जड झाली नसती.

'धडक'मध्ये कथा उदयपूरला गेली. हवेल्या, तलाव, राजघराण्याची श्रीमंती. नायकाच्या घरचे स्वतःचे रेस्टॉरंट. जातीचा उल्लेख झाला, पण ओझरता. अशा जागी मोठा वाद्यवृंद वाजणे नवे नाही. हिंदी पडद्यावर तो तेथेच वाजत आला आहे. ज्या मुलासाठी तो वाजणे ही घटना होती, तो मुलगाच बदलला. मग 'याड'ऐवजी 'पहली बार' येणे ओघानेच आले. पहिले प्रेम कोणालाही होते. 'याड' मात्र एका विशिष्ट गावातल्या, विशिष्ट घरातल्या मुलालाच लागते. गीतकाराला दोष देण्यापेक्षा हे पाहायला हवे की, पटकथेने त्याला गाव दिलेच नव्हते.

तिसरा आक्षेप

या वादात एक तिसरे मतही होते आणि ते मूळ 'सैराट'विषयीच होते. 'झिंगाट'ने चित्रपटाचा विषयच झाकून टाकला, असे ते मत. २०१६ मध्ये अनेक ठिकाणी प्रेक्षक पडद्यापुढे जाऊन नाचले. शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून 'सैराट'चे सत्कार झाले. त्या जल्लोषात ऑनर किलिंग म्हणजे खोट्या प्रतिष्ठेपायी होणारी हत्या हा विषय किती जणांच्या डोक्यात राहिला, असा प्रश्न विचारला गेला. हा प्रश्न नगर जिल्ह्यात टाळता येत नाही.

जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यातील सोनई परिसरात तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली. आंतरजातीय प्रेमसंबंध हे तिचे कारण असल्याचे खटल्यात पुढे आले. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या रागातून हा खून झाल्याचा आरोप होता. 'सैराट' प्रदर्शित झाला तो खर्ड्याच्या घटनेला दोन वर्षे आणि एक दिवस होताना. नोव्हेंबर २०१७ मध्ये खर्डा प्रकरणातील आरोपी न्यायालयातून निर्दोष सुटले. जानेवारी २०१८ मध्ये सोनई प्रकरणात नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्यापुढे उच्च न्यायालयात अपिले चालली. त्यानंतर सहा महिन्यांत 'धडक' आला.

या तारखा शेजारी ठेवल्या की गाण्यांचा वाद वेगळा दिसू लागतो. या जिल्ह्यातील प्रेक्षकाने 'सैराट' पाहिला तो मनोरंजन म्हणून, पण त्याला ठाऊक असलेली गावे आणि वर्तमानपत्रात वाचलेली नावे त्याच्या मागे उभी होती. वरातीत 'झिंगाट'वर नाचणारा प्रत्येक जण हे आठवतो, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तिसऱ्या मतात तथ्य आहे ते इतकेच : गाणे चित्रपटातून सुटून वरातीत गेले, की त्याच्या मागची शांतता सोबत जात नाही. पण त्यासाठी गाणे नकोच होते, हा निष्कर्ष पटत नाही. गाण्याविना 'सैराट' ज्यांना हा विषय आधीच कळतो, त्यांच्यापुरता राहिला असता. 'फँड्री'चे उदाहरण समोर आहे. अजय-अतुल यांनी त्यासाठी केलेले गाणे केवळ प्रसिद्धीसाठी होते, ते प्रत्यक्ष चित्रपटात नव्हते. 'फँड्री'चे समीक्षकांनी कौतुक केले, पुरस्कार मिळाले. पण गावोगावच्या पोरांपर्यंत जो पोचला तो 'सैराट'. त्यांना चित्रपटगृहात आणले ते गाण्यांनी आणि घरी जाताना गप्प केले ते शेवटाने.

हिंदी भाषेचा दोष नव्हे

हे सारे वाचून हिंदीत गेले की वाटोळेच होते, असा अर्थ कोणी काढू नये. मंजुळे यांनी स्वतः २०२२ मध्ये 'झुंड' हा हिंदी चित्रपट केला. संगीत अजय-अतुल यांचे आणि गीते भट्टाचार्य यांचीच. म्हणजे 'धडक'चीच जोडी. पण 'झुंड' नागपूरच्या वस्तीत घडतो आणि त्याच्या गाण्यांत 'लफडा झाला' असे निम्मे मराठी नावही खुशाल येते. वस्तीतील पोरे जशी बोलतात तसे गाणे बोलते. ते ऐकताना कोणाला हिंदी परकी वाटली नाही. दिग्दर्शकाने माणसांना त्यांची जागा दिली की गीतकारालाही शब्द सापडतात, याचा हा पुरावा आहे.

'धडक' तिकीटबारीवर पडला, असेही नाही. त्याने चांगला व्यवसाय केला आणि हिंदी 'झिंगाट' देशातील इतर भागांत वाजले. ज्या प्रेक्षकाने 'सैराट' पाहिला नव्हता, त्याला ते एक झकास नाचगाणे वाटले असेल, तर त्यात त्याची चूक नाही. त्याच्यापर्यंत तेवढेच पोचविण्यात आले होते. 'धडक २' मध्ये मात्र जातीचा प्रश्न आडून न विचारता थेट मांडला गेला. पहिल्या चित्रपटावर झालेल्या टीकेनंतर त्याच नावाच्या दुसऱ्या चित्रपटाने जात लपविली नाही, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

मराठी चित्रपटांचे हक्क यापुढेही विकले जातील आणि विकले जावेत. मराठी निर्मात्याला त्यातून बळ मिळते. पण असा करार होतो तेव्हा कथेचे हक्क, चालीचे हक्क, नावाचे हक्क यांची किंमत ठरते. बोलीची आणि गावाची किंमत कोणी ठरवीत नाही, कारण ती कागदावर येत नाही. 'सैराट'पासून 'धडक'पर्यंतच्या प्रवासात हरवले ते हेच. म्हणून एखादे गाणे दुसऱ्या भाषेत गेल्यावर ते कानाला बरे वाटते का, एवढेच विचारून भागणार नाही. ते गाणे आता कोणाच्या तोंडी आहे आणि मूळ गाण्यातल्या मुलाला नव्या गाण्यात जागा आहे का, हे विचारायला हवे.

नगरच्या रस्त्यावरील वरात या प्रश्नांचा विचार करीत थांबत नाही, हे खरे. पण डीजेवाल्याला 'झिंगाट' लाव म्हटले की तो कोणते लावू, असे विचारीत नाही. येथील लोकांचे मत त्याला ठाऊक आहे.